मिडफिल्डरची कारकीर्द: स्कोअरबोर्डवर न दिसणाऱ्या कामाचा हिशेब

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा. त्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू किती वेळ असतो? सगळे क्षण जोडले तरी जेमतेम दोन-तीन मिनिटं, बऱ्याच जणांच्या वाट्याला त्याहूनही कमी. आणि मधल्या फळीतला खेळाडू, म्हणजे मिडफिल्डर, त्याच सामन्यात अकरा-बारा किलोमीटर धावलेला असतो. मग उरलेली सत्त्याऐंशी मिनिटं तो करतो काय?

आघाडीच्या खेळाडूला जोखणं सोपं आहे, गोल मोजायचे. गोलरक्षकाने किती अडवले, किती सोडले तेही दिसतं. मिडफिल्डरने मात्र दहा मीटर डावीकडे सरकून समोरच्याची पासची वाट बंद केली, त्यामुळे समोरच्याने चेंडू मागे दिला आणि हल्ला सुरूच झाला नाही, तर याची नोंद कुठे होणार? न झालेल्या हल्ल्याचा रिप्ले दाखवत नाहीत. या खेळाडूची निवड, त्याची किंमत, करार, म्हातारपण सगळं एका गोष्टीभोवती फिरतं: त्याचं काम पाहणाऱ्याला ते दिसतं की नाही.

आधी जागा समजून घेऊ. मिडफिल्डर तीन प्रकारचे, आणि ते आकड्यांनी ओळखले जातात. 'सहा नंबर' बचावफळीच्या पुढ्यात उभा राहतो. प्रतिस्पर्ध्याचे हल्ले तोडायचे आणि आपल्या बचावपटूंकडून चेंडू घेऊन पुढे पोचवायचा हे त्याचं काम. 'आठ नंबर' स्वतःच्या पेनल्टी बॉक्सपासून समोरच्याच्या बॉक्सपर्यंत ये-जा करतो. 'दहा नंबर' आघाडीच्या मागे राहून शेवटचा, गोलची संधी देणारा पास शोधतो. पाठीवरचा नंबर याच्याशी जुळेलच असं नाही, आणि हे आकडे सगळीकडे सारखेही नाहीत. अर्जेंटिनात सहा नंबरचं काम करणाऱ्याला 'पाच' म्हणतात. ब्राझीलमध्ये त्याला 'वोलान्ते' म्हणतात, आणि हा शब्द चक्क एका माणसाच्या आडनावावरून आला. कार्लोस वोलान्ते हा अर्जेंटिनाचा खेळाडू १९३०च्या दशकाच्या अखेरीस फ्लॅमेंगोकडून ही जागा खेळायचा. माणूस गेला, आडनाव जागेला चिकटून राहिलं.

चेंडू पायाशी नसताना मिडफिल्डरचं सगळ्यात मोठं काम मानेचं असतं. चेंडू आपल्याकडे यायच्या आधी तो सतत मागे, बाजूला वळून पाहत असतो. कोण कुठे उभा आहे, कोण अंगावर येतोय, मोकळी जागा कुठे आहे. नॉर्वेचे संशोधक गेअर यॉर्डेट यांनी याचाच अभ्यास केला. एकेका खेळाडूवर कॅमेरा धरायचा आणि चेंडू मिळण्याआधी तो किती वेळा मान वळवतो ते मोजायचं. जास्त वेळा पाहणाऱ्यांचे पास जास्त प्रमाणात अचूक जातात असं त्यात दिसलं. बार्सिलोनाचा झावी यातला उस्ताद. उंची जेमतेम १७० सेंटिमीटर, वेगही बेताचा. तरी त्याच्याकडून चेंडू हिसकावणं महाकठीण, कारण चेंडू पायाला लागायच्या आधी पुढचा पास त्याच्या डोक्यात ठरलेला असायचा. दुसरं कौशल्य उभं राहण्याचं. पास घेताना अंग अर्धं वळलेलं असेल तर पहिल्याच स्पर्शात पुढे जाता येतं. पाठ वळवून उभा राहिलात तर चेंडू मागे देण्यावाचून गत्यंतर नाही.

आता ही माणसं घडतात कशी ते पाहू. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या अकादम्या आठ-नऊ वर्षांची मुलं घेतात. दर वर्षा-दोन वर्षांनी चाळणी लागते आणि बहुतेक मुलं त्यातून खाली पडतात. इथे न दिसणाऱ्या कामाचा पहिला फटका बसतो. बारा-तेराव्या वर्षी जो उंच आणि दांडगा आहे तो डोळ्यांत भरतो. त्या वयात सहा महिन्यांच्या फरकानेही शरीर बदलतं, म्हणून वयोगटाच्या वर्षात सुरुवातीला जन्मलेल्या मुलांची अकादम्यांत गर्दी असते आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेली मुलं कमी. डोकं चालवणारा पण अंगाने किरकोळ मिडफिल्डर या चाळणीत सहज गळतो. फ्रान्सचा एन्गोलो कान्टे हे याचं ठळक उदाहरण. मोठ्या अकादम्यांच्या नजरेत तो भरलाच नाही. खालच्या पातळीवर खेळत, बुलोन आणि काँ या क्लबांतून वर सरकत तो २०१५ मध्ये लेस्टर सिटीत पोचला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. २०१६ मध्ये लेस्टरने प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग, जिंकली. तो चेल्सीत गेला, २०१७ मध्ये चेल्सीने जिंकली. २०१८ मध्ये फ्रान्सबरोबर विश्वचषक. चाळणीतून पडलेला दाणा.

अकादमीतून बाहेर पडलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला मोठ्या संघात लगेच जागा मिळत नाही, म्हणून त्याला लोनवर पाठवतात. म्हणजे करार मूळ क्लबचाच, पण एक हंगाम तो दुसरीकडे खेळतो. क्रोएशियाचा लुका मॉड्रिच २००३ मध्ये दिनामो झाग्रेबकडून बोस्नियाच्या झ्रिन्स्की मोस्तार क्लबात असाच गेला. तिथला खेळ धसमुसळा, मैदानं यथातथा, आणि हा काडीपैलवान. त्या हंगामात तो तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मला विचाराल तर मिडफिल्डरसाठी लोनचं वर्ष अकादमीच्या पाच वर्षांहून जास्त शिकवतं, कारण पासाच्या उशिराची किंमत नडगीवर वसूल होते.

इथून पुढे कारकीर्द करारावर चालते, आणि हा भाग बातम्यांत नेहमी अर्धवट सांगितला जातो. 'अमुक क्लबने तमुक खेळाडू दहा कोटी युरोंना विकत घेतला' असं आपण वाचतो. खेळाडू विकला जात नाही. विकली जाते ती त्याच्या चालू करारातून सुटका. खेळाडू क्लबचा पगारी नोकर असतो, करार ठरावीक वर्षांचा असतो. तो संपायच्या आत दुसऱ्या क्लबला तो हवा असेल तर पहिल्या क्लबला भरपाई द्यायची. त्यालाच ट्रान्सफर फी म्हणतात. ती क्लबच्या खिशात जाते. खेळाडूचा पगार हा वेगळा विषय, तो नव्या क्लबशी नव्याने ठरतो.

म्हणूनच कराराची किती वर्षं उरलीत यावर किंमत ठरते. चार वर्षं शिल्लक असतील तर क्लब ऐटीत बोलतो. एकच वर्ष उरलं असेल तर 'आत्ता मिळतील ते घ्या, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात फुकट जाईल' अशी अवस्था. शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढच्या हंगामाचा करार उघडपणे करू शकतो. फिफाच्या नियमानुसार करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, अठराच्या आतल्यांसाठी तीन वर्षांचा. त्या-त्या देशाचा कायदा परवानगी देत असेल तर त्याहून लांबही चालतो. त्या फटीतूनच अर्जेंटिनाचा मिडफिल्डर एन्झो फर्नांडिस जानेवारी २०२३ मध्ये साडेआठ वर्षांच्या करारावर चेल्सीत आला.

इतका लांब करार कशाला? हिशेबाच्या वहीसाठी. समजा फी दहा कोटी युरो आणि करार पाच वर्षांचा. क्लब वहीत पहिल्याच वर्षी दहा कोटींचा खर्च लिहीत नाही, दर वर्षी दोन-दोन कोटी लिहितो. आठ वर्षांचा करार असला तर सव्वा-सव्वा कोटी. खर्च तोच, पण दर वर्षीचा आकडा लहान, त्यामुळे खर्चाच्या नियमांत बसणं सोपं. ही युक्ती बोकाळेल हे ओळखून युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, २०२३ मध्ये आपल्या नियमांपुरती पाच वर्षांची मर्यादा घातली. करार कितीही लांब करा, फी पाचच वर्षांत वाटायची.

या वहीची दुसरी बाजू अकादमीतल्या मुलांना जाचते. विकत आणलेल्या खेळाडूच्या नावावर वहीत काही कोटी शिल्लक असतात. तो विकला तर ते वजा करून उरेल तेवढाच नफा. घरच्या अकादमीत वाढलेल्या पोरावर मात्र फी दिलेलीच नसते, म्हणजे तो विकला की आलेली सगळी रक्कम नफा. म्हणून पैशाची चणचण असलेला क्लब बाहेरून आणलेल्या सामान्य खेळाडूला ठेवतो आणि घरच्या चांगल्याला विकतो. मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीत लहानाचा मोठा झालेला स्कॉट मॅकटॉमिने २०२४ मध्ये नापोलीत गेला. पहिल्याच हंगामात नापोलीने इटलीची लीग जिंकली आणि तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पिकतं तिथे विकत नाही.

लहान क्लबांसाठी एक चांगली सोयही नियमांत आहे. एखादा खेळाडू करार संपायच्या आत एका देशातून दुसऱ्या देशात गेला की फीचा पाच टक्के वाटा त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत शिकवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. बारा ते पंधरा या चार वर्षांसाठी दर वर्षी फीचा पाव टक्का, पुढच्या आठ वर्षांसाठी दर वर्षी अर्धा टक्का. म्हणजे दहा कोटी युरोंचा व्यवहार झाला, तर त्याला पहिली चार वर्षं शिकवणाऱ्या एखाद्या गावच्या क्लबला दहा लाख युरो. एका पोराच्या जिवावर मैदान, दिवे, कपडे बदलण्याच्या खोल्या सगळं उभं राहू शकतं.

करार संपल्यावर खेळाडू मोकळा, हे आज आपण गृहीत धरतो. १९९५ पर्यंत तसं नव्हतं. ते बदलणारा माणूसही एक मिडफिल्डरच होता, आणि तोही फारसा कुणाला ठाऊक नसलेला. बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉस्मनचा आरएफसी लिएज क्लबशी असलेला करार १९९० मध्ये संपला. क्लबने नव्या करारात पगार एक चतुर्थांशावर आणून ठेवला. फ्रान्सच्या डंकर्क क्लबला तो हवा होता, पण करार संपलेला असूनही लिएज फी मागत होतं. व्यवहार फिसकटला आणि बॉस्मन घरी बसला. तो न्यायालयात गेला. पाच वर्षांनी, १५ डिसेंबर १९९५ रोजी, युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जाण्यासाठी फी मागता येणार नाही, आणि संघातल्याच देशांच्या नागरिकांवर 'परदेशी खेळाडू इतकेच' अशी मर्यादाही लावता येणार नाही.

पुढच्याच वर्षी नेदरलँड्सचा मिडफिल्डर एडगर डेव्हिड्स आयाक्स सोडून मिलानला फीशिवाय गेला. १९९९ मध्ये स्टीव्ह मॅकमॅनमन लिव्हरपूलमधून रिआल माद्रिदला तसाच. क्लबची वाचलेली फी पगारात मागून घेता येऊ लागली आणि मोठ्या खेळाडूंचे पगार चढत गेले. निकाल लागला तेव्हा बॉस्मन एकतीस वर्षांचा होता, खेळायची वर्षं कोर्टात गेलेली. ज्यांनी कोट्यवधी कमावले त्यांत तो नव्हता.

गंमत अशी की या खेळातले मोठे कायदेशीर झगडे बऱ्याचदा मिडफिल्डरांनीच लढले. फ्रान्सचा लासाना दियारा २००५ मध्ये चेल्सीत आला तो क्लोद माकेलेलेचा वारस म्हणून. पुढे २०१४ मध्ये लोकोमोटिव्ह मॉस्कोशी त्याचं बिनसलं, क्लबने करार मोडला आणि फिफाने त्यालाच एक कोटी पाच लाख युरोंची भरपाई द्यायला सांगितलं. नियम असा, की त्याला घेणाऱ्या नव्या क्लबवरही त्या रकमेची जबाबदारी येऊ शकते. म्हणून बेल्जियमचा शार्लेरोआ क्लब कचरला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने या नियमांतला काही भाग कायद्याविरुद्ध ठरवला, आणि फिफाला ते बदलावे लागले. तोवर दियारा निवृत्त होऊन पाच वर्षं उलटली होती.

आइसलँडची मिडफिल्डर सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर हिची लढाई वेगळी. ती लिऑनकडून खेळत असताना गरोदर राहिली, त्या काळात तिचा पूर्ण पगार आला नाही. फिफाने २०२१ मध्ये किमान चौदा आठवड्यांच्या प्रसूती रजेचा नियम केला होताच. त्याच्या आधारे ती भांडली आणि थकलेले ८२ हजारांहून अधिक युरो तिने मिळवले. खेळणाऱ्या बाईला मूल हवं असेल तर करिअर संपवावं लागेल, ही जुनी धारणा त्या निकालाने बरीच ढिली केली.

माकेलेलेचं नाव आलंच आहे तर त्याची गोष्ट सांगतो. २००३ मध्ये तो रिआल माद्रिदचा सहा नंबर होता. संघात झिदान, फिगो, रोनाल्डो असे तारे. त्यांच्या मानाने त्याचा पगार फारच कमी, त्याने वाढ मागितली, मिळाली नाही. त्याच उन्हाळ्यात क्लबने डेव्हिड बेकहॅमला आणलं आणि माकेलेलेला चेल्सीला दिलं. रिआलने त्या वर्षी लीग जिंकलेली होती, पुढची जिंकायला २००७ उजाडलं. चेल्सीने २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षं इंग्लंडची लीग जिंकली. हा सगळा फरक एका माणसामुळे पडला असं म्हणणं बाळबोध ठरेल. पण त्याच्यानंतर इंग्लंडमध्ये त्या जागेलाच 'माकेलेले रोल' म्हणू लागले.

मधल्या वर्षांत, साधारण तेवीस ते तिशीपर्यंत, सगळं जमून आलेलं असतं, आणि नेमक्या याच काळात शरीराची सर्वांत जास्त उधळपट्टी होते. सबंध मैदान पायाखाली घालणाऱ्याला विश्रांती देणं प्रशिक्षकाच्या जिवावर येतं. स्पेनचा पेड्री २०२०-२१ च्या हंगामात क्लब, युरो ही युरोपीय देशांची स्पर्धा आणि ऑलिंपिक मिळून सत्तरहून अधिक सामने खेळला, अठराव्या वर्षी. पुढची वर्षं मांडीच्या स्नायूंनी व्याज वसूल केलं. मँचेस्टर सिटीचा सहा नंबर रॉड्री याने सप्टेंबर २०२४ मध्ये सामने इतके वाढलेत की खेळाडू संपावर जाऊ शकतात असं बोलून दाखवलं, आणि आठवडाभरात आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटला. ही दुखापत म्हणजे शस्त्रक्रिया आणि सहा ते नऊ महिने, कधी त्याहून जास्त. पुढच्याच महिन्यात बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, स्वीकारायला तो कुबड्या घेऊन मंचावर चढला. सहा नंबरच्या माणसाला हा पुरस्कार मिळणं दुर्मीळच, त्यामुळे त्या कुबड्यांसकट मला तो क्षण आवडतो.

तिशीनंतर पाय मंदावतात. मैदानाच्या कडेने धावणाऱ्या विंगरचं दुकान तिथे बंद होऊ लागतं, पण मिडफिल्डरला एक पळवाट आहे: मागे सरकायचं. इटलीचा आंद्रेआ पिर्लो सुरुवातीला दहा नंबर होता आणि इंटर मिलानमध्ये त्याचं बस्तान बसत नव्हतं. २००१ मध्ये ब्रेशात लोनवर असताना प्रशिक्षक कार्लो माझोने यांनी त्याला बचावफळीच्या पुढ्यात आणून ठेवलं. मागून सगळं मैदान समोर दिसतं, आणि चेंडूवर विचार करायला अर्धा क्षण जास्त मिळतो. पिर्लोला तेवढा पुरेसा होता. इंटरनंतर तो ज्या एसी मिलानकडून खेळला, त्या क्लबने २०११ मध्ये बत्तिशीतल्या पिर्लोला करार संपल्यावर जाऊ दिलं. युव्हेंटसने त्याला फीशिवाय घेतलं, पहिल्याच हंगामात एकही सामना न हरता लीग जिंकली, आणि तो तिथे होता ती चारही वर्षं जिंकली. मॉड्रिचने तर २०१२ मध्ये माद्रिदला आल्यावर पहिल्या काही महिन्यांत वाचकांच्या एका कौलात 'सर्वांत वाईट खरेदी' हा शिक्का खाल्ला होता. २०१८ मध्ये त्याला बॅलन डी'ओर मिळाला, चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा सहा वेळा जिंकून २०२५ मध्ये तो एसी मिलानला गेला, आणि तिथे चाळिशी पार करूनही खेळत राहिला.

खेळणं थांबल्यावर यांच्यातले बरेच जण प्रशिक्षक होतात. गार्डिओला, अँचेलोटी, देशाँ, सिमिओने, आर्टेटा, सगळे मिडफिल्डर. त्यात नवल नाही, आयुष्यभर बाकीचे दहा जण कुठे उभे आहेत हेच तर पाहिलेलं असतं. त्याच जातकुळीचा झाबी अलोन्सो २०२३-२४ मध्ये बायर लेव्हरकुसेनला एकही सामना न हरता जर्मनीचं विजेतेपद मिळवून देऊन गेला.

पण सगळ्यांचा शेवट असा साजरा होत नाही, आणि काहींचा शेवट होता होता राहतो. स्पेनचा सांती काझोर्ला आर्सेनलकडून खेळताना २०१६ मध्ये घोट्याच्या दुखण्याने बाहेर गेला. शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला, टाचेच्या मागच्या स्नायुबंधाचा सुमारे आठ सेंटिमीटर भाग खाल्ला गेला. मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी समाधान माना, असं त्याला सांगण्यात आलं. २०१८ मध्ये तो व्हियारिआलकडून पुन्हा मैदानात उतरला. २०२३ मध्ये तो रिआल ओव्हिएदोत परतला. लहानपणी याच क्लबच्या अकादमीत तो शिकला होता, आणि क्लब आर्थिक संकटात सापडल्यामुळे पहिल्या संघाकडून एकही सामना न खेळता त्याला जावं लागलं होतं. परतताना त्याने नियमात बसेल तेवढा किमान पगार घेतला आणि आपल्या जर्सीच्या विक्रीतला दहा टक्के वाटा अकादमीला देण्याची अट करारात घातली. जून २०२५ मध्ये ओव्हिएदो चोवीस वर्षांनी स्पेनच्या पहिल्या लीगमध्ये परतलं. निर्णायक सामन्यात पेनल्टीवर एक गोल चाळीस वर्षांच्या काझोर्लाचा होता.